कोटासारखं बेतलेलं कुंपण

मी बोलतोय, हे कुंपण. इकडेतिकडे बघू नका. फाटकापासून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जे हिरवं दिसतंय ना, तेच मी. माणसांनी माझ्यावर दोनच म्हणी केल्या. एक, सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि दुसरी, कुंपणानेच शेत खाल्लं. पहिलीत मी नुसता शेवट, दुसरीत सरळ चोर. कुंपणाला स्वतःला कधी धावावंसं वाटतं का, हे मात्र कोणी विचारलेलं नाही. मला फार वाटतं. जन्म एका जागी उभं राहण्याचा मिळाला आणि स्वभाव चुळबुळ्या. रस्त्यावरून कोणी गेलं की कुठे चाललं, परत कधी येणार, आणि आलं नाही तर का आलं नाही, यातच माझा दिवस जातो.

मला लावलं एका शिंप्याने. त्यांना सगळे मास्तर म्हणत. पुरुषांचे कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पुढच्या खोलीत दोन मशिनी होत्या. मधोमध मास्तरांची, आणि खिडकीशी, जिथून मी दिसतो तिथे, मास्तरीणबाईंची. त्या लहान मुलींचे झगे शिवायच्या. मास्तर त्यांना चिडवायचे, झग्यात काय असतं, कापड गोळा करून कमरेला जोडलं की झालं. बाई हसायच्या आणि मशीन चालवत राहायच्या.

माझी रोपं आली तेव्हा मास्तरांनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि गळ्यातली मोजपट्टी काढून वीत वीत अंतरावर एकेक रोप लावलं. मी कमरेएवढा झालो तशी त्यांनी कात्री हातात घेतली. आणि इथेच घोटाळा झाला. मास्तरांना आयुष्यात एकच आकार येत होता, कोटाचा. त्यांनी मलाही तोच दिला. खांदे रुंद, छाती भरदार, खाली कंबर आवळलेली. छाटून झालं की रस्त्याच्या पलीकडे जायचे, एक डोळा मिटून मला न्याहाळायचे आणि खांद्यावरचं एखादं चुकार पान उडवायला परत यायचे. येणारे-जाणारे थांबून बघायचे. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू.

पण रुंद खांद्यांची सावली माझ्याच कमरेवर पडत होती. खाली उन्हाचा कवडसासुद्धा पोचेना. वर्षावर्षाला पायथ्याची पानं झडत गेली आणि नुसत्या काटक्या उरल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी अंगावर काढला. मास्तरांना ते कधी दिसलंच नाही, कारण ते मला नेहमी उभ्याने आणि लांबून बघत. त्यांनी मला जीव लावून बेतलं आणि ते माझ्याच जिवावर बेतलं. मला ओरडून सांगायचं होतं. पण कुंपण ओरडलं तरी लोकांना वाटतं वारा सुटलाय.

मास्तर गेले त्याला आता आठ वर्षं झाली. त्यांच्यानंतर बाईंनी मला कोणाला हात लावू दिला नाही. मी मोकाट सुटलो, फाटकाच्या कमानीच्याही वर गेलो. वर नुसता माज आणि खाली उघडे पाय. नाव मोठं, लक्षण खोटं. काटक्यांमधून कुत्री आत-बाहेर करू लागली. एका दुपारी एकामागे एक अशी दोन कुत्री माझ्या पायांतून आत घुसली, बाई दचकून पायरीवरून पडल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. शेतच खाल्लं म्हणा ना मी. ज्यांना राखायचं, त्यांनाच माझ्यामुळे लागलं. त्यांचा हात गळ्यात आणि मशीन बंद. ती खडखड थांबली आणि मला दिवस खायला उठला.

दुसऱ्या गावाहून मुलगा आला. हे उपटून भिंत घालू, म्हणाला. तो वाईट नाही, आईच्या काळजीने बोलत होता.

"ह्यांच्या हातचं आहे ते," बाई म्हणाल्या.

"बाबांच्या हातचं वर आहे, आई. कुत्री खालून येतात."

गवंड्याला तीन महिन्यांनी सवड होती. तेवढी मुदत बाईंनी मागून घेतली आणि मी तेव्हापासून दिवस मोजायला लागलो.

सार्वजनिक बागेत काम करणारी एक माळीणबाई बाईंनी बोलावल्यावरून सुटीच्या दिवशी आली. आली ती सरळ पोटावर आडवी झाली आणि तिने माझ्या पायांत डोकं घातलं. इतक्या वर्षांत मला खालून बघणारं हे पहिलं माणूस. तिने नखाने एका खोडाची साल खरवडली. आत हिरवं निघालं. जीव आहे, ती म्हणाली, पण हे उलटं छाटलंय. वरचं निम्मं उतरवायचं आणि एक बाजू पार खोडापर्यंत मागे घ्यायची. दुसरी बाजू पुढच्या वर्षी, दोन्ही एकदम सोसणार नाहीत. आणि यापुढे वर अरुंद, खाली रुंद. बाईंनी बराच विचार करून रस्त्याकडची बाजू दिली. घराकडच्या बाजूला, जिथे मास्तरांचा बेत अजून ओळखू येत होता, हात लावायचा नाही असं बजावलं.

थंडी सरता सरता करवत चालली. दुखलं. पण दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली. रस्त्याकडून मी नुसता सांगाडा. ज्यांनी माझं कौतुक केलं होतं तेच आता मेलं वाटतं, म्हणून पुढे जाऊ लागले. माळीणबाईने पायाशी खत घातलं, वर पालापाचोळा पसरला आणि पाणी चुकवू नका असं सांगून गेली. बाई रोज सकाळी डाव्या हाताने बादली आणायच्या.

आणि मग काही होईना. आठवडा गेला, दुसरा गेला, महिना उलटला. सालीच्या आत मी किती धडपडत होतो ते माझं मला ठाऊक. कधी वाटे फुटलं, तर ती मुंगी निघे. कुठे हातोड्याचा आवाज झाला की वाटे, आला गवंडी. बाई खिडकीशी बसून माझ्याकडे बघत राहायच्या, मी त्यांच्याकडे, आणि दोघांपैकी कोणालाच चैन नव्हतं.

गवंडी खरंच आला, मुलासोबत, ठरल्या दिवशी. त्याने फाटकाशी पहिली खुंटी ठोकली. तिचा धक्का माझ्या मुळाला बसला. तो दोरी सोडायला लागला तेवढ्यात बाई बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "खाली बस."

"खाली म्हणजे?"

"गुडघे टेकून बस. उभ्याने दिसत नाही ते."

इस्त्रीची विजार सांभाळत तो टेकला. माझ्या घोट्यापाशी, मातीपासून चार बोटांवर, खोडाखोडाला लालसर ठिपके फुटले होते. त्याच आठवड्यात फुटले होते. बाई रोज पाणी घालायला वाकत, म्हणून त्यांना आधी दिसले. मुलाने एका ठिपक्याला बोट लावलं. मग त्याने स्वतःच खुंटी उपटली.

"एक वर्ष थांबतो, आई. पण दोन्ही बाजू भरायला हव्यात. अर्धं कुंपण मला चालणार नाही."

वर्षभरात रस्त्याकडची बाजू मातीपर्यंत भरली. बाईंचं मनगटही जुळलं, मशीन सुरू झाली. पुन्हा थंडी सरली, माळीणबाई करवत घेऊन आली, आणि बाई माझ्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या. ही बाजू राहू दे, म्हणाल्या. खिडकीतून मला ह्यांचं एवढंच दिसतं.

काय सांगू तुम्हाला माझी अवस्था. मला ऊन हवं होतं. मला जगायचं होतं. पण ते खांदे माझेही होते. एक डोळा मिटून बघणारे मास्तर मला आठवत होते. त्यांनी दिलेलं अंगावरून उतरवल्याशिवाय मी वाचत नव्हतो, आणि ते उतरावं असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

माळीणबाई पायरीवर बसली. तिने घाई केली नाही.

"आजी, आकार ठेवलात तर कुंपण जाईल," ती म्हणाली. "बाहेरची बाजू बघा कशी आलीय. खाली घेर हवा त्याला. घेर असला की ऊन पायापर्यंत पोचतं."

"घेर?" बाई म्हणाल्या.

त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं. आल्या तेव्हा गळ्यात मास्तरांची मोजपट्टी होती आणि हातात खडू.

"घेर मला येतो," त्या म्हणाल्या. "जन्मभर तेच केलंय."

त्यांनी पायथ्याशी दोरी बाहेर घेतली, माथ्याशी आत, आणि कुठल्या फांद्या जायच्या त्यांवर खडूने खुणा केल्या. जाड फांद्या माळीणबाईने कापल्या, बारीक बाईंनी. मास्तरांच्या खांद्यांवर कात्री आली तेव्हा त्या रडल्या. पण हात थांबला नाही.

त्याला दोन वर्षं झाली. आता मी वर अरुंद आहे, खाली पायघोळ आणि इतका दाट, की कुत्री येतात, हुंगतात आणि परत जातात. सरडा तर माझ्या आतच राहायला आलाय. मुलगा मध्यंतरी आला तेव्हा म्हणाला, बाबांच्या कोटाचा झगा केलास की. बाई म्हणाल्या, कापड त्यांचंच आहे.

माझी उंची उतरल्यापासून बाईंना खिडकीतून रस्ता दिसतो. कोण कुठे चाललंय हे आता आम्ही दोघं बघतो. तरी माझी चुळबुळ काही गेली नाही. खांबापाशी हातभर जागा अजून विरळ आहे, तिचा घोर लागून राहतो. तुमच्या दारात माझ्यासारखं कोणी असेल तर एवढं करा, वरून छान दिसतंय म्हणून निघून जाऊ नका. जरा वाका.

बाई रोज वाकतात. सकाळी रस्त्यापलीकडे जाऊन मास्तरांसारखा एक डोळा मिटून मला बघतात, आणि मग मास्तरांनी कधी केलं नाही ते करतात, गुडघे टेकून माझे पाय तपासतात. वय झालंय त्यांचं. त्या उठेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. पण उठताना त्या माझ्यावरच हात टेकतात, आणि तेवढा भार सोसण्याइतका आता मी दाट आहे.