तिने काढलेला ओठ

थंड ओठावर पेन्सिल उमटत नाही. नुसती घसरते. मी ती दोन्ही तळव्यांत चोळून ऊन केली, गिरिजाच्या वरच्या ओठाच्या मधोमध टेकवली आणि पहिली रेघ काढली. मार्गशीर्षातली सकाळ होती. खिडकीतलं कोवळं ऊन तिच्या हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि उचगावच्या बाहेरच्या गुऱ्हाळावरून गूळ शिजल्याचा वास येत होता. माझी लेक माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती, आणि ती मेलेली होती.

आम्हा लिंगायतांत मयताला झोपवत नाहीत. आंघोळ घालतात, भस्म लावतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि फुलांच्या विमानात बसवून नेतात. मातीतही बसवूनच ठेवतात. म्हणजे विमान उचललं की तोंड साऱ्या गल्लीला दिसतं. आदल्या संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. रात्रीत ओठ जांभळट पडले होते. बिनरंगाच्या ओठांनी ती कधी दारात दूध घ्यायलाही गेली नव्हती. तशी तिला गल्लीतून जाऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मोठी जाऊ उंबऱ्यात येऊन म्हणाली, “अगं, मयताला कुठं लाली लावत्यात व्हय? लोक काय म्हणतील?”

“लोकांचं मागनं सांग, अक्का. आधी उजेडातनं बाजूला हो.”

ती बाजूला झाली.

गिरिजानं लग्न केलं नाही. पुढच्या खोलीत पार्लर काढलं आणि आजूबाजूच्या गावांतल्या नवऱ्या सजवल्या. हसली की शेजारचं कुत्रं उठून बसायचं, असलं तिचं हसणं; पण पेन्सिल हातात आली की ती श्वास धरायची. करंगळी नवरीच्या हनुवटीवर टेकायची, आणि हात असा चालायचा, जसं पाटाचं पहिलं पाणी सरीतून चालतं, घाई नाही आणि थांबणंही नाही. भेदरून आलेल्या पोरी त्या हाताखाली गप्प व्हायच्या. घरातली भांडणं, पाहुण्यांचे रुसवे, सगळं तेवढ्या वेळापुरतं बाहेर राहायचं.

नवा रंग आला की आधी माझ्या ओठांवर. “म्हाताऱ्या ओठावर टिकला तर नवरीच्या ओठावर टिकंलच,” म्हणायची. मी तोंड आवळून घ्यायची, मग ती ओरडायची,

“अव्वा, ए म्हण. ए! दात काढायला न्हाय आलो मी, लाईन काढतोय.”

लाईन म्हणजे बांध, असं तिनं मला समजावलं होतं. बांध नसला की रंग सुरकुत्यांतून वाहून जातो. आधी मधली दोन टोकं काढायची, मग कोपऱ्याकडून आत यायचं. सगळा ओठ पेन्सिलीनं भरायचा, वर लिपस्टिक, कागदानं टिपायची आणि पुन्हा लिपस्टिक. कोपऱ्यात रंग कमी, नाहीतर बाई रागावल्यासारखी दिसते. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातलं फार काही राहिलं नाही. हे राहिलं.

त्या सकाळी तिला ए म्हणायला सांगता येत नव्हतं. मी ओठाला तेल लावून टिपलं, बोटानं खालचा ओठ जरासा सोडवला आणि डावीकडे आल्यावर थांबले. तिच्या वरच्या ओठाचं डावं टोक जन्मापासून खाली होतं. रोज सकाळी ती ते केसभर वर काढून दोन्ही बाजू सारख्या करायची. कुणाच्या लक्षात यायचं नाही. माझ्यापुढे दोन ओठ होते, एक मी जन्माला घातलेला आणि एक तिनं काढलेला. मी तिचा काढला.

मग स्वामी आले. कपाळावर भस्म ओढलं आणि तोंडात तीर्थ घातलं. तीर्थ आत गेलं नाही. ओठांवरून ओघळलं, हनुवटीवरून पदरात पडलं. माझे डोळे तिथंच होते. रंग हलला नाही. जिलेबी खाल्ली तरी नवरीचा रंग उतरायचा नाही, असं ती गिऱ्हाइकांना छातीठोक सांगायची.

विमान उचललं. दारादारांत तिनं सजवलेल्या बायका उभ्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. त्यांची नजर आधी ओठांवर गेली. तिच्याकडून शिकलेल्या नजरा त्या.

“कोपरा बघ की गं,” एक दुसरीला म्हणाली. “तिच्याच हातचा वाटतोय.”

तेवढ्यात गिरिजाचे वडील, अप्पा, पुढं आले. त्यांना काही वर्षांपासून आठवण राहत नाही. पहाटे सांगितलं तेव्हा कपाळ बडवून रडले होते आणि मग चहा मागितला होता. आता त्यांनी विमानाकडे मान वर करून बघितलं आणि त्यांचं तोंड उजळलं.

“गिरिजा, कुठं निघालीस गं? जेवून तरी जा.”

आणि ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. खांदेकरी थांबले. तिचे ओठ आत्ताच काही बोलून मिटल्यासारखे दिसत होते. ते माझ्या हातचं काम होतं.

मी त्यांचा दंड धरला. “अहो, गेली ती. काल गेली.”

ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले.

आता पुन्हा लग्नसराई आली आहे. दिवे लागले की ते विचारतात, “पोरगी आली न्हाय अजून?” सुरुवातीला मी खरं सांगत होते, दर वेळी त्यांची लेक नव्यानं मरायची. मग सोडून दिलं. “ऑर्डरीला गेलीया,” म्हणते. “नवरीनंच उशीर लावला असंल,” ते म्हणतात, आणि भाकरी मोडतात. काळानं त्यांच्याकडे लेक ठेवली आणि तिचं मरण काढून घेतलं. ते माझ्याकडे आहे. त्या सकाळी घरात आम्ही दोघं आई-बाप होतो. ती सकाळ भोगलेली आता मी एकटी आहे.