साखरेच्या पाण्यातले सुस्त बुडबुडे

मी मेजावरच्या दिव्याची काच बोलते आहे. अंगाने उंच, दोन्ही तोंडांनी उघडी, म्हणून थोडी अधिक बोलले तर क्षमा असावी.

१९५७ साली मी बाभुळगावच्या एका शाळेत आले, तेव्हा माझ्या पोटात ज्योत राहत असे. काजळी ती सोडी; डाग मात्र माझ्या नावावर जमा होत. पुढे दिव्याची टाकी गळू लागली, दिवा मोडीत गेला आणि मी खिडकीत धूळ खात बसले.

चार वर्षांनी नववीतल्या सत्यशीलेने मला उचलले. माझे खालचे तोंड तिने बुचाने बंद केले, बुचातून सायकलच्या पंपाची नळी घातली, पाणी ओतले आणि पळसाच्या रंगात भिजवून वाळवलेली मूठभर ज्वारी आत सोडली. पंप दाबताच बारीक बुडबुडे वर धावत, दाणे नाचू लागत आणि त्यांचा रंग झरझर पाण्यात उतरे. घन, द्रव आणि वायू एकाच पोटात! मला मोठ्या कुटुंबात नांदल्यासारखे वाटे. एकदा तिने रिठ्याचे पाणी घातले. बुडबुडे मोहरीएवढे झाले खरे. परंतु फेस माझ्या डोक्यावरून ओसंडून मेजावरच्या हेडमास्तरांच्या टोपीत शिरला.

हा खेळ नव्हता. त्या शाळेत मुलींना विज्ञान मिळत नसे; शिवणकाम घ्यावे लागे. तपासणीस साहेबांनी अट घातली होती : एका मुलीने प्रयोग करून समजावून द्यावा, मग ते मुलींच्या वर्गाला मंजुरी देतील.

तो दिवस उजाडला. मेजावर मी पाण्याने भरून उभी होते. दाणे साहेबांसमोरच टाकायचे होते. तेवढ्यात शाळेत पाणी भरणाऱ्या लालीबाई आल्या. पाहुण्यापुढे नुसते पाणी ठेवणे त्यांना सहन होईना. त्यांनी माझ्यात दोन वाट्या साखर ओतली, रुळाने ढवळली आणि समाधानाने निघून गेल्या. मला हाक मारता आली नाही, याचे दुःख मला आजही आहे.

साहेब येऊन बसले. सत्यशीलेने दाणे टाकून पंप दाबला. ढब्बक! लिंबाएवढा एकच बुडबुडा वर गेला. दाणे जेवण झालेल्या माणसांसारखे जरासे उठले आणि सावकाश खाली टेकले. रंग तळाशीच राहिला.

"ही काच उचक्या देते आहे काय?" असे विचारून साहेबांनी लेखणीला टोपण लावले.

सत्यशीलेने पंप पुन्हा दाबला. पुन्हा ढब्बक! इतक्यात दारातून लालीबाई म्हणाल्या, "पिऊन तं पाहा, साहेब! दोन वाट्या साखर हाय त्यात!"

"मावशी! कायले टाकली?"

"कायले म्हंजे? पाव्हण्याले कोरडं पाणी देऊन राह्यली का तू?"

सत्यशीलेने बोट बुडवून चाटले. तिच्या सारे ध्यानात आले. तिने मला जवळजवळ रिकामे केले, दाणे तेवढे राखले, साधे पाणी भरले आणि पुन्हा पंप दाबला. बुडबुडे बारीक झाले, दाणे नाचले आणि मी क्षणात केशरी झाले.

"साहेब, पंप तोच, हवा तीच, दाणेही तेच. द्रव दाट असला की बुडबुडे एकमेकांत मिळून मोठे होतात आणि मधूनच निसटतात. दाणे नीट ढवळले जात नाहीत, म्हणून रंगही हळू उतरतो."

"हे तुला कोणी शिकवले?"

"लालीमावशीनं. आत्ताच."

साहेब खळखळून हसले. त्यांनी टोपण काढले आणि सही केली.

आज त्या वर्गात अकरा मुली आहेत. माझी कड थोडी टवकली आहे. कारण त्या माझ्यात ताक, गोडेतेल आणि अंबाडीचे सरबत ओतून बुडबुडे मोजतात. उद्या एरंडेलाची पाळी आहे, असे कानावर आले आहे. विज्ञानासाठी मी तेही गिळीन. परंतु मुलींनो, नंतर मला राखेने दोनदा घासा. मी काच आहे, मलाही पोट आहे.