डाव्या डोळ्याची आखणी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकार आदर्शने पुतळ्यावरचं फडकं ओढलं आणि मालू दोन पावलं मागे सरकली.

"ह्यो कोण?"

"आजी, असं काय करतेस? आजोबा!" ऋतुजा हसली. तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. साडेदहाला निडीजवळच्या त्यांच्या गावात सुभेदार हैबतरावांच्या अर्धपुतळ्याचं अनावरण होतं.

खांद्यावरचे तारे, मिशीचा पीळ, सगळं नेमकं होतं. वर्दीतला फोटो घरात एकच होता, चौसष्टचा. ऋतुजाने तोच पाठवला होता.

मालूने पुतळ्याच्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं.

"ह्यो पासष्टच्या लढाईत गेला. सदुसष्टात माझं लगीन झालं."

ऋतुजाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने आजोबांना काळ्या चष्म्याशिवाय पाहिलंच नव्हतं. धाटावच्या कंपनीच्या गेटवर बावीस वर्षं पहारा दिला तो त्याच चष्म्यात, आणि नव्वदाव्या वर्षी गेले तेव्हाही चष्मा होताच.

फोन वाजला. सरपंच पुंडलिक ओरडूनच बोलत होता.

"निघालात का गो? लेझीम सुरू झालीय! अलिबागेवरनं माजी सैनिक आलेत, मेडलं लावून! अख्खा गाव रस्त्यावर हाय!"

"निघतोय, काका."

आदर्शने वाटीत अंगाचा रंग कालवला. "पाच मिनिटांत डावा मिटवतो. पण खरं सांगू, आजी? एकवीस वर्षं डोळेच आखतोय. आजवर एकाही मूर्तीचा डोळा मिटवला नाय. हात वळंल का, ठाऊक नाय."

"मूर्ती नाय ती. माझा नवरा हाय."

"म्हणून तर विचारतोय."

त्याने ब्रश उचलला. टोक पापणीशी पोचलं, तेवढ्यात मालूने त्याचं मनगट धरलं.

"थांब जरा."

ती पुतळ्याला वळसा घालून डाव्या बाजूला गेली. एक पाऊल पुढे झाली, मग मागे. डोळा तिच्याकडेच पाहत होता.

"ह्या बाजूनं मी कधी गेलेच नाय," ती म्हणाली. "दिसायचं नाय त्यांना. दचकायचे. अठ्ठावन्न वर्षं उजवीकडनं चालले."

"आजी, लोक खोळंबलेत. मिटवायचा की ठेवायचा?" ऋतुजाने विचारलं.

मालूने कपाळावर आलेली पांढरी बट पदराखाली सारली. पदर नीट केला. मग पुन्हा केला.

"गो ऋतुजा, तू जरा भायेर जा. ह्यालाबी घेऊन जा."

दोघं अंगणात आली. टेम्पोवाल्याने गाडी चालू केली, हार बांधले, दोनदा हॉर्न दिला. पुंडलिकचे तीन फोन येऊन गेले. पाहुणे मंडपात बसले होते.

नऊ वाजून पाच मिनिटांनी आदर्शच्या हातातल्या वाटीत रंगावर साय धरू लागली होती. दार आतून लोटलेलं होतं. आत मालू हळू आवाजात कुणाला तरी काहीतरी सांगत होती, आणि मधूनच हसत होती.