खंडेनवमीला मला फ्रिजवर ठेवलं

मी तेजस्वीचा जुना फोन बोलतोय. जुना हा शब्द माझ्या नावापुढं लागून वर्षच झालं. त्याआधी पाच वर्षं मी नुसता 'तेजस्वीचा फोन' होतो. आधीच सांगतो, मी जळका आहे. माझी गोष्ट ऐकायची तर हे धरूनच ऐका.

खानापूरच्या एका दुकानातून तेजस्वीनं मला घेतलं तेव्हा ती कॉलेजात होती. तिचं गाव जंगलाच्या कडेचं, घरात रेंज नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसलं की दोन कांड्या यायच्या. तिथंच तिनं माझ्यावर परीक्षेचे निकाल पाहिले, तिथंच दातांच्या दवाखान्यातली नोकरी लागल्याचं कळलं आणि तिथंच 'गडझुंज' सुरू झालं.

गडझुंज हा तिघांनी मिळून फोनवर खेळायचा खेळ. दुसऱ्यांचा गड घ्यायचा, आपला राखायचा. तिच्या संघात निपाणीचा साईराज आणि बेळगावच्या टिळकवाडीतली अबोली. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांची ओळख म्हणजे माझ्यातून येणारे आवाज. मी पडलो, कोपरा तडकला, बॅटरी उतरली, तरी तेजस्वीचा अंगठा कुठं टेकणार हे मला तिच्याआधी कळायचं.

मग बेळगावात गडझुंजच्या चाहत्यांचा मेळावा ठरला. निवडलेल्या आठ संघांना मंचावर खेळायचं होतं, त्यात आमचा संघ. ती बातमी माझ्यावरच आली. तेजस्वी गच्चीवर नाचली आणि मी तिच्या मुठीत नाचलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जायचं होतं.

पण नवमीच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ रविराज बंगळूरहून आला. हातात डबा. डब्यात तो.

पातळ, चकचकीत, अंगावर ओरखडा नाही. तेजस्वीनं त्याला दोन्ही हातांत धरलं. मला एका हातानं बाजूला सारलं. "दादा, लई भारी हाय रं," ती म्हणाली. माझ्याबद्दल असं ती कधी म्हणाली होती, ते मी आठवत बसलो.

त्यांच्याकडं खंडेनवमीला घरातली सगळी आयुधं पुजतात. विळे, कोयता, शिलाई मशीन, दुचाकी, आणि पाच वर्षं मीसुद्धा. त्या वर्षी पाटावर माझ्या जागी तो. मी फ्रिजवर, हळदीच्या रिकाम्या डबीशेजारी. इतका जळलो की उगाचच तापलो.

पूजा तिची आई जयाबाई करते. माझ्या अंगावर जाडजूड कव्हर असल्यानं ती पाठीवर बोट टेकायची. हा नवरदेव उघडाच. जयाबाई क्षणभर थांबली. याचं कपाळ कुठलं हे तिला कळेना. मग तिनं चार्जिंगचं भोक शोधलं.

"इथनंच खातंय न्हवं हे? मग हेच तोंड," ती म्हणाली आणि ओलं कुंकू तिथंच दाबून लावलं. वर अक्षता.

मी फ्रिजवरून सगळं पाहत होतो. बोलता येत असतं तरी बोललो नसतो.

एकदा पुजलेलं आयुध दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. दसऱ्याच्या संध्याकाळी, मुहूर्तावर, नव्या फोनवर गडझुंजचं खातं हलवायचं ठरलं होतं. पाटावर पडून त्याची बॅटरी उतरली होती, म्हणून तेजस्वीनं चार्जर लावला. आत कुंकवाचा दगड झालेला. वायर शिरेना. तो मिटला तो मिटलाच.

"आई, तोंडात कुंकू घालतात व्हय गं?" तेजस्वी रडवेली झाली. जयाबाई म्हणाली, "मला काय ठाऊक? बैलालाबी शिंगाला लावायच्या आधी मी विचारते. ह्यो कुठं काय बोलला?" मग दोघी माझ्याकडं वळल्या. मी मनातून हसत होतो.

सकाळच्या बसनं मी बेळगावला गेलो. मेळाव्यात दारापाशीच लांब रांग होती. मनगटाला पट्टी बांधत होते, तिकिटाची खूण फोनवर दाखवायची होती. माझी काच तडकलेली, तिसऱ्यांदा यंत्रानं ओळखलं. मागची पोरं कुजबुजली. आत खेळातल्या सरदाराचा वेश घातलेला माणूस, फुकट मिळणाऱ्या शस्त्रांची कार्डं, भिंतीएवढा पडदा. साईराज आणि अबोली भेटले. आवाज तेच, चेहरे नवे. तेजस्वीला त्यांच्याबरोबर फोटो हवा होता. माझ्यावर फोटो धुरकट येतो म्हणून अबोलीनं स्वतःच्या फोनवर काढला. तिच्या फोनचाही मला राग आला.

पहिला सामना जिंकलो. दुसऱ्यात मी तापलो. तेजस्वीनं ओला रुमाल पाठीला लावला. शेवटच्या घटकेला शत्रू वेशीत शिरला, तिनं अंगठा टेकला आणि मी अडकलो. फक्त दोन क्षण. गड पडला.

त्यावेळी मला नव्या फोनची आठवण झाली. तो असता तर गड राहिला असता, हे मला पक्कं माहीत होतं.

"तुझी चूक न्हाय गं," साईराज म्हणाला, "तुझा फोनच म्हातारा हाय."

तेजस्वीनं ओढणीनं माझी काच पुसली. "असू दे. तुमचे आवाज पहिल्यांदा मी ह्याच्यावरच ऐकलेत," ती एवढंच म्हणाली.

मग मंचावर घोषणा झाली. पुढच्या महिन्यापासून नवा गड, नवे सरदार. मात्र जुन्या फोनवर खेळ चालणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेजस्वीनंही वाजवल्या. मी तिच्या मांडीवर होतो.

दोन दिवसांनी दुरुस्तीवाल्यानं कुंकू कोरून काढलं. तेजस्वी टाकीपाशी बसली, एका मांडीवर तो, एका मांडीवर मी. खातं हलवायला ओटीपीचे सहा आकडे लागणार होते, आणि ते माझ्यावर येणार होते. मनात आलं, बंद पडावं. बंद पडायचं मला चांगलं जमतं. पण गड माझ्यामुळं पडला तेव्हा ती मला काही बोलली नव्हती. मी आकडे दाखवले. तिनं ते त्याच्यावर उतरवले. लगेच माझ्या काचेवर ओळ आली, या फोनवरून तुम्ही बाहेर पडला आहात.

आता मी जयाबाईचा गजर आहे. पहाटे दुधाच्या वेळी वाजतो. बाकी वेळ फ्रिजवर.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. जयाबाई कुंकवाची वाटी घेऊन बसली तशी तेजस्वी ओरडली, "आई, नव्याला नुसतं फूल ठेव. कुंकू ह्या म्हाताऱ्याला लाव, ह्याचं आता काय बिघडायचं राहिलंय?"

बोलणं लागलं. पण तिनं स्वतः मला फ्रिजवरून उतरवलं, पाटावर ठेवलं, कव्हर काढलं. जयाबाईनं काचेवर, पाठीवर, तोंडावर, सगळीकडं भरभरून कुंकू लावलं. तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणी पडून असेल, तर वर्षातून एकदा त्याला खाली उतरवा. मी पाटावरून शेजारी पाहिलं. त्याच्यावर एकच झेंडूचं फूल होतं, आणि तेही जरा सुकलेलं.