सुट्टीचे ठोके

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हे तर भंगार. म्हणा. मी एक जुना रुळाचा तुकडा आहे, हातभर लांब आणि कडांना गंजलेला. सध्या हातखंब्याजवळच्या एका आंब्याच्या कंपनीमागे चिऱ्यांच्या ढिगाला टेकून पडलो आहे. माझ्या अंगावर फुटके क्रेट टाकले आहेत. तरी मी सुखात आहे, कारण आता मला कोणी वाजवत नाही. असे का म्हणतो, ते ऐका.

कोकणात रेल्वे आली तेव्हा लांबलचक रुळाबरोबर मीही आलो. मापात जास्त ठरलो म्हणून कापून बाजूला ठेवला गेलो. माझ्या भावांच्या पाठीवरून गाड्या धावू लागल्या आणि मी गवतात पडून राहिलो. मंडणगड तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका शाळेला घंटा नव्हती. तिथल्या भागोजी गुरुजींनी मला मागून घेतले, एसटीच्या टपावर घालून नेले आणि वेल्डिंगवाल्याकडून माझ्या डोक्याला भोक पाडून घेतले. ते भोक जरा बाजूला पडले. त्यामुळे मी जन्मभर तिरकाच लटकलो, पण आवाज सरळ निघाला.

शाळेच्या पडवीत मला टांगले आणि एक जाड बोल्ट दोरीने शेजारी बांधला. प्रार्थनेला पाच ठोके, तासाला एक, मधल्या सुट्टीला तीन. शाळा सुटताना मात्र मोजदाद नाही. हात दुखेपर्यंत नुसते घणघण घणघण. ते ठोके खालच्या मळ्यांपर्यंत जात. तिथे तणाची बेणणी करणाऱ्या बायका पाठ सरळ करत आणि म्हणत, चला, पोरं सुटली, आता घरी. मला कोणी हार घातला नाही की दसऱ्याला झेंडूचे फूल वाहिले नाही, पण माझ्या आवाजाने माणसे घरी जात होती. यापेक्षा मोठा मान लोखंडाला कोणता हवा?

मला वाजवायचे काम एका चौथीतल्या मुलीकडे होते. तिचे नाव राजश्री. वर्गात तीच सर्वांत उंच, आणि गुरुजी म्हणत त्याप्रमाणे तीच एकटी वेळेला खरी. पोरे कितीही मागे लागली तरी तिने मला कधी मिनिटभर आधी वाजवले नाही, आणि मिनिटभर उशीरही केला नाही.

पुढे गावातली माणसे मुंबईला गेली, पोरे कमी झाली. शेवटच्या वर्षी पटावर चार नावे होती. शाळा बंद झाली आणि मोडक्या बाकांबरोबर मी भंगाराच्या गाडीत चढलो. हातखंब्याच्या एका दुकानात दोन पावसाळे पडून होतो. तिथे मला विनीतने पाहिले.

विनीत म्हणजे या कंपनीचा मालक. कंपनीचे नाव मी सांगणार नाही, लोखंडालाही अब्रू असते. हा गडी आंबे पेट्यांत भरून देशभर घरपोच पाठवत असे. सुरुवातीला अकरा माणसे होती आणि राजश्री त्यांतली एक. आता ती मोठी झाली होती, गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन घेत होती आणि हातखंब्यात खोली करून राहत होती. मला टांगायला आणले त्या दिवशी ती जवळ आली, माझ्या तिरक्या भोकावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "हा आमच्या शाळेतला." मला इतका आनंद झाला की वाजवायच्या आधीच वाजेन असे वाटले.

पहिले वर्ष बरे गेले, खोटे कशाला बोलू. दुपारी सगळी माणसे माझ्याखाली बसून भाकरी आणि सुकट खात, विनीतही त्यांच्यातच बसे. हजार पेट्या गेल्या की मला एक ठोका मिळे. मग कंपनी वाढू लागली. अकराची दोनशे माणसे झाली. भिंतींवर पाट्या आल्या, काचेची केबिन आली, केबिनीपाठोपाठ संदेश नावाचा मॅनेजर आला. संदेशने पहिली नोटीस लावली ती सुकटीची. डब्यात सुकट आणू नये, पाहुण्यांना वास येतो. त्याच नोटिशीच्या वर भलामोठा फलक होता, अस्सल कोकणी चव! याला म्हणतात वरून कीर्तन, आतून तमाशा.

रोज सकाळी सगळ्यांना माझ्याखाली उभे करून "आपण एक कुटुंब" असे तीनदा म्हणायला लावत. विनीतला कोणी सर म्हणायचे नाही, नावाने हाक मारायची, आणि मारली की संदेश डोळे वटारत असे. ग्रुपवर विनीतने काही लिहिले की पाच मिनिटांत टाळ्यांचे चित्र टाकायचे. ज्याचे चित्र येणार नाही त्याला दुपारी केबिनीत बोलावणे. एक बाई आजारी लेकराजवळ बसली होती म्हणून तिचे चित्र राहिले, तर तिला विचारले की तुझ्यात आपलेपणा का नाही. मला तेव्हा पहिल्यांदा किळस आली. तोपर्यंत मला वाटे, किळस फक्त माणसांना येते.

पण खरी घाण पुढेच आहे. मित्रांनो, कोकणात शिमग्याला देवाची पालखी देवळातून निघते आणि घरोघर येते, हे तुम्हाला माहीत आहे. मुंबईचा माणूस त्यासाठी सुट्टी काढून गाव गाठतो. आणि शिमगा येतो नेमका आंब्याच्या दिवसांत. सगळ्यांनाच सुट्टी हवी. सरळ नाही म्हटले असते तर निदान भांडता आले असते. विनीतने निराळीच युक्ती काढली. जो आपली सुट्टी स्वखुशीने सोडेल त्याने सगळ्यांसमोर मला एक ठोका द्यायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि फोटो ग्रुपवर. ज्या लोखंडाने आयुष्यभर सुट्टी दिली, त्याच्याच तोंडून सुट्ट्या गिळायला लावल्या.

आणि पहिला ठोका कोणी दिला? राजश्रीने. कंपनी आपलीच आहे असे तिला मनापासून वाटत होते. ती हसत पुढे आली, चौथीत धरायची तसाच बोल्ट धरला आणि मला वाजवले. टाळ्यांचा पाऊस पडला. तिकडे गावात तिच्या आईने, सुंदराबाईने, वाकल्या पाठीने एकटीने देवीची ओटी भरली. घरात दुसरे कोणी नव्हते. त्याच वर्षी दिवाळीत सुंदराबाई पडवीत पाय घसरून पडली आणि तिने अंथरूण धरले ते धरलेच. शेजारची बाई दोन वेळा येऊन तिचे पाहू लागली.

म्हणून यंदा राजश्रीने दोन महिने आधी अर्ज दिला. तो मंजूरही झाला. माझ्याखालीच फोन चार्ज करायची जागा होती, त्यामुळे आईचा फोन मीही ऐकला. "बाय, पालखी दारात येल तवा वटी कोन भरल? माजं हात उठत नाय गो," सुंदराबाई म्हणाली. मग तीच पुढे म्हणाली, "पुढच्या शिमग्याचा काय भरवसा नाय."

राजश्री म्हणाली, मी येतेच, आई. आणि तिने दुसऱ्या दिवशीच खण आणि नारळ आणून पिशवीत भरून ठेवले.

जायच्या दिवशी बाराची गाडी होती. ती चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी वाडीत यायच्या आत घर गाठणे अशक्य. साडेअकराला राजश्री पिशवी घेऊन निघाली, तर संदेशने तिला माझ्याजवळ बोलावले. मुंबईहून धंद्यात पैसे घालणारी पाहुणे मंडळी आली होती आणि विनीतला त्यांना आपले कुटुंब दाखवायचे होते. पेट्या भरणाऱ्या चाळीस बायका हात चालू ठेवून बघत होत्या. विनीतने तिला न विचारताच जाहीर केले की राजश्रीने यंदाही आपली सुट्टी कंपनीला दिली आहे. पाहुणे कौतुकाने हसले.

राजश्री हळूच म्हणाली की माझी रजा मंजूर आहे, आई अंथरुणावर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. संदेशने तिच्या हातात बोल्ट दिला आणि ओठ न हलवता म्हणाला, "कॅन्सल केली असं नाही म्हणायचं, डोनेट केली म्हणायचं. हसत वाजव."

मी तिचा चेहरा पाहिला. तो रागाचा नव्हता. पेटी उघडावी आणि वरच्या सुरेख फळांखाली सगळा नासका माल निघावा, तेव्हा माणसाचा चेहरा होतो, तसा होता.

तिने मला मारले. एक ठोका नाही. घणघण घणघण, हात दुखेपर्यंत, पंचवीस वर्षांपूर्वीचा माझा आवाज मलाच परत ऐकू आला. विनीत इंग्रजी शाळेत शिकलेला, त्याच्या शाळेत विजेची घंटी होती. त्याला वाटले, पोरगी उत्साहात आली. तो जोरजोरात टाळ्या वाजवू लागला, पाहुणेही वाजवू लागले. पण त्या चाळीस बायका गावच्या शाळांत शिकलेल्या. त्यांचे हात पेट्यांतल्या पेंढ्यातच थांबले. एक उठली, मग दुसरी, मग सगळ्याच पदर झटकून डबे उचलू लागल्या. चारपाच जणी तर दाराशी जाऊन चपला शोधत होत्या.

राजश्रीने बोल्ट विनीतच्या टाळ्या वाजवणाऱ्या हातात ठेवला, पिशवी उचलली आणि गेली.

संदेश ओरडत धावला तेव्हा बायका भानावर आल्या आणि एकेक करून परत बसल्या. मी त्यांना नावे ठेवत नाही, त्यांच्या चुली त्या पेट्यांवर होत्या. दुसऱ्या दिवशी मला उतरवून इथे टाकले. माझ्या जागी एक स्पीकर लावला आहे, त्यात टाळ्या आधीच भरून ठेवल्या आहेत. आता तर माणसांच्या हातांचीही गरज उरली नाही. दिवसातून दहा वेळा त्या टाळ्या इथपर्यंत ऐकू येतात आणि दर वेळी माझ्यावरचा गंज शहारतो.

राजश्री परत आली नाही. शिमगा सरल्यावर पेट्या भरणारी सगुणा या ढिगाजवळच्या नळावर हात धुवायला आली आणि मैत्रिणीला सांगत होती, "पोचली गो ती. आयशीचा हात आपल्या हातात धरला न् त्याच हातानं वटी भरली." मग तिने ओल्या हातानेच माझ्यावरचा एक क्रेट बाजूला केला आणि कामाला निघून गेली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी सांगणार नाही. लोखंड गंजायचेच. पण तुमच्या माहितीतल्या एखाद्या शाळेला घंटा नसेल तर मला घेऊन जा. मी तिरका लटकेन, तक्रार करणार नाही. माझी अट एकच आहे. दिवस संपला की मला वाजवायला विसरू नका, आणि मी वाजलो की कोणालाही न विचारता घरी जा.