लहान डिशचा वेग

उपग्रहावरून डोंगरातल्या लष्करी चौक्यांना नकाशे आणि हवामान पाठवायचं, तर वेग सगळ्यांत लहान डिशला झेपेल एवढाच ठेवायचा, हे प्रक्षेपण केंद्र सांभाळणाऱ्या परळीकरांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण पाहणीला दिल्लीचे साहेब येणार होते, आणि सिकंदराबादच्या केंद्राच्या गच्चीवरची मोठी डिश दुप्पट वेग आरामात पचवत होती; म्हणून त्यांनी वेग दुप्पट करून टाकला.

"सर, डोंगरावरच्यांना हे झेपायचं नाही," हाताखालची प्राजक्ता म्हणाली.

"एक तरी तक्रार आली का? मग नक्को उगाच डोकं खाऊ! तुम्हा पुणेकरांना शंका काढल्याशिवाय चहा गोड लागत नाही."

सगळे हसले. साहेब खूश झाले, परळीकरांना बढती मिळाली आणि प्राजक्तानं नोकरी सोडली.

वर्षानं सुभेदार खोचरे चौकीवरचं जुनं यंत्र परत करायला आले. सहज म्हणाले, "साहेब, ह्यावर वादळाचा इशारा अर्धाच उमटायचा बघा. एकदा गस्तीची पोरं बर्फात अडकली. एकाची बोटं काढावी लागली."

"अहो, मग कळवलं का नाही?"

"कशावरनं कळवणार? ह्यात नुसतं ऐकायचं. उलट बोलायची सोय आहे कुठं?"

परळीकरांनी त्याच दुपारी वेग निम्म्यावर आणला. काम चार मिनिटांत झालं, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.