ठमीचा चार्ज

"आन् खड्याला हात लावायचा नाय," ट्रॉलीवर आडवी पडलेल्या तेजलने तिसऱ्यांदा बजावलं.

"नाही लावत," ज्योत्स्ना सिस्टर म्हणाली. "आता नीट चार्ज दे बघू. आम्ही ड्युटी बदलताना एकमेकींना देतो तसा. पेशंटचं नाव?"

"ठमी."

"अवस्था काय?"

"सव्विसावी लेव्हल. अठ्ठावीसला गेली का उडी शिकती. गवतात हिंडवायची, बारक्या बारक्यांशीच लढवायची. रक्त कमी झालं का पिशवीतलं सगळ्यात वरलं औषध द्यायचं. आन् शेवटी सेव्ह करायचं."

"आणि काय द्यायचं नाही?"

"खडा," तेजल म्हणाली आणि हातातला तो चौकोनी व्हिडिओ खेळ तिने सिस्टरच्या हातात दिला. मग ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं आणि ट्रॉली आत गेली. पोर रडली नाही. तिची आई विमलाबाई मात्र बाकावर बसून रडली, पण आयांचं रडणं त्या बाकाला सवयीचं होतं.

तेजल अकरा वर्षांची, घोटीच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यावरची. दोन वर्षांची असताना चुलीत पडली. भाजलेलं भरून आलं, पण उजव्या गुडघ्यामागची कातडी आखडली आणि पाय दुमडलेलाच राहिला. नऊ वर्षं ती त्या पायाच्या नुसत्या बोटांवर चालत होती. आदल्या वर्षी एका शिबिरात तिचं ऑपरेशन झालं होतं, चांगलं झालं होतं. पण नंतर पट्टी बदलायला नि पाय ताणायला तिने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. किंचाळून किंचाळून तिने वॉर्ड डोक्यावर घेतला, आईला ते बघवेना, आणि माय-लेकी घरी निघून गेल्या. दोन महिन्यांत पाय पुन्हा होता तिथे.

म्हणून या खेपेला, नाशकातल्या या ट्रस्टच्या दवाखान्यात, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. "कापायचं काम माझं. सरळ ठेवायचं काम पगारे सिस्टरांचं. तिसऱ्यांदा करायला कातडी उरणार नाही."

पगारे सिस्टर म्हणजे ज्योत्स्ना. वय सेहेचाळीस, नोकरी तेवीस वर्षांची, नवरा एसटीत कंडक्टर, राहायला इंदिरानगर. तिच्याबद्दल सांगण्यासारखं म्हणाल तर एवढंच, की ती मुलांना "दुखणार नाही" असं कधी म्हणत नसे. शिकाऊ होती तेव्हा एका पोरीला तसं म्हणाली होती. ती पोर घरी जाईपर्यंत तिला पाहिलं की भिंतीकडे तोंड करायची. तेव्हापासून ज्योत्स्ना आकडा सांगायची. "वीसपर्यंत दुखेल. मोज." आणि विसाव्याला हात उचलायची, काम उरलेलं असलं तरी. तिच्याबरोबरच्या सिस्टर हसायच्या. पण मुलांच्या वॉर्डात तिचं नाणं खणखणीत वाजायचं ते या एकाच गोष्टीमुळे.

आता त्या खेळाबद्दल. तेजलची मावशी मुंबईत एका घरी कामाला होती. तिथली मुलगी मोठी झाली, तिचा हा जुना खेळ मावशीबरोबर पाड्यावर आला. तेव्हा याच प्राण्यांचं कार्टून संध्याकाळी टीव्हीवर लागायचं, वेफर्सच्या पाकिटांतून त्यांच्या चकत्या निघायच्या. शहरातली पोरं त्या चकत्यांपायी वेफर्स कावळ्यांना घालायची. खेळात रानोमाळ हिंडून चित्रविचित्र प्राणी धरायचे, पाळायचे, लढवून मोठे करायचे. तेजलकडे पाच होते, पण जीव एकीवर. बेडकाचं अंग नि खारीची शेपटी असलेली ही ठमी. आणि पिशवीत एक खडा. एका गुहेत महिनाभर हिंडल्यावर मिळालेला, अख्ख्या खेळात एकच. तो ठमीला लावला की तिचं रूप पालटायचं, एका क्षणात ती प्रचंड व्हायची. पण ज्याला खडा लागला तो प्राणी पुढे नवीन काही शिकत नाही. म्हणून आधी सगळं शिकवून घ्यायचं आणि मगच खडा. तेजलने तो चार महिने नुसता सांभाळला होता. आमच्याकडे लोक आंबा पिकेपर्यंत थांबत नाहीत, आणि ही पोर चार महिने थांबली. ज्योत्स्नाला तिचा हा धीर फार आवडला होता. ज्या पोरीला एवढं थांबता येतं ती पाय सरळ होईपर्यंतही थांबेल, असा हिशेब तिने मनाशी मांडला होता.

दुपारी दीड वाजता डबा खाऊन झाल्यावर ज्योत्स्नाने चष्मा लावला आणि ठमीला गवतात नेलं. दोन लढाया जिंकल्या. ठमी सत्ताविसावर गेली. ज्योत्स्नाला एवढा आनंद झाला की तिने एकटीनेच मान डोलावली. मग कुठून तरी एक काटेरी जनावर आलं. ठमीची जिवाची पट्टी घसरली, खेळ टूं टूं वाजायला लागला. तेवीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला असा आवाज ऐकून गप्प बसवत नाही. तिने पिशवी उघडून वरचं औषध दिलं. पुन्हा मार बसला, पुन्हा दिलं. जनावर पळालं, तरी पट्टी लालच आणि टूं टूं चालूच. तिने तिसऱ्यांदा पिशवी उघडली, वरची ओळ दाबली. खेळाने इंग्रजीत विचारलं, नक्की का? तिने "यस" केलं.

औषधं दोनच होती. ती संपल्यावर खालचा खडा वर सरकला होता.

औषध देण्याआधी नाव तीनदा वाचायचं, उचलताना, देताना, परत ठेवताना, हे ज्योत्स्नाने निदान दोनशे शिकाऊ मुलींच्या डोक्यात ठोकून भरलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. पडदा पांढरा झाला, ठमी थरथरली, सनईसारखं काहीतरी वाजलं, आणि तिच्या जागी रेड्याएवढं, खवल्याखवल्यांचं, कपाळावर शिंग असलेलं एक धूड उभं राहिलं. ज्योत्स्नाचे हात गार पडले. आणि हात गार पडले की तिने जन्मभर जे केलं तेच तिने आताही केलं. झालं ते आधी नोंदवून टाकलं. तिने सेव्ह केलं.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर हसत बाहेर आले. ज्योत्स्ना मात्र औषधांच्या कपाटापाशी उभी होती, आणि सफाईवाली बायडाबाई, जी वॉर्डाची फरशी नि वॉर्डातली माणसं दोन्ही तितक्याच जोराने घासायची, तिला समजावत होती.

"अहो सिस्टर, खेळणं आहे ते. बिघडलं म्हणा. आपोआप झालं म्हणा."

"आपोआप होत नाही ते, बायडाबाई. तिला सगळं ठाऊक आहे."

विमलाबाई मागे येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "माझं नाव सांगा, बाई," ती म्हणाली. "आईचा हात लागला म्हना. मला कुठं वाचता येतंय? माझ्यावर रुसंल, दोन दिसांनी बोलंल. तुमच्यावर रुसली तर तिचा पाय कोन सरळ करील?"

बाईचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. एक लहानसं खोटं, तेही आईने आपण होऊन पदरात घेतलेलं, आणि एका मुलीचा पाय. घरी जाताना बसमध्ये ती तेच घोळवत राहिली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग त्यात काय एवढं?" आणि त्याचंही बरोबर होतं. पण पोरीने चार्ज दिला होता. चार्ज घेतलेल्या बाईने चुकलेलं औषध दुसऱ्याच्या नावावर लिहायचं, हे काही तिच्याच्याने होईना.

सकाळी तेजल पुरती जागी झाली. पाय फळीला बांधलेला, तोंड सुकलेलं. "ठमी?" तिने विचारलं.

ज्योत्स्ना स्टूल ओढून बसली. "तेजल, माझ्याकडून चूक झाली. औषध समजून मी तिला खडा दिला. नाव वाचलं नाही. आणि नंतर सेव्हपण केलं."

तेजलने खेळ सुरू केला. पिशवी उघडून पाहिली. मग अगदी हळू म्हणाली, "सेव्ह नसतं केलं तर बंद करून चालू केल्यावर ती परत बारकी झाली असती."

हे ज्योत्स्नाला माहीत नव्हतं. "मला ठाऊक नव्हतं गं," एवढंच ती म्हणाली.

तेजलने भिंतीकडे तोंड केलं.

चार दिवस ती ज्योत्स्नाशी बोलली नाही. थर्मामीटर तोंडात घ्यायची, गोळी घ्यायची, पण नजर भिंतीला. पाचव्या दिवशी पहिली पट्टी उघडायची होती. ज्योत्स्ना ट्रे घेऊन आली तशी तेजलने दोन्ही हातांनी चादर घट्ट धरली. मागच्या वर्षीची सगळी किंकाळी तिच्या चेहऱ्यावर येऊन उभी होती.

"मी नको असेन तर दुसऱ्या सिस्टरला बोलावते," ज्योत्स्ना म्हणाली.

तेजलने पहिल्यांदा मान वळवली. "त्या किती म्हंतील?"

"त्या म्हणतील, दुखणार नाही."

"आन् तुमी?"

"पस्तीस. आज फार आहे. विसाच्या पुढे जास्त दुखेल."

तेजलने विचार केला. अकरा वर्षांच्या मुलीचा विचार चेहऱ्यावर दिसतो, तसा तो दिसला. मग तिने चादर सोडली. "मी मोजती," ती म्हणाली.

तिने मोजलं. विसाला आवाज फाटला, पंचविसाला आईचा हात तिने असा आवळला की बांगडी पिचली, पण मोजणं थांबलं नाही. पस्तीस म्हटल्याबरोबर ज्योत्स्नाने दोन्ही हात वर केले. पट्टीचा एक कोपरा अजून चिकटलेला होता.

"एक कोपरा राहिलाय. आणखी दहा लागतील. माझा अंदाज चुकला. घेऊ?"

तेजल धापा टाकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बारा घ्या," ती म्हणाली. "घाईत नका करू."

त्या दिवशी ज्योत्स्ना स्टोअरच्या खोलीत जाऊन पोटभर रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली.

पुढचे दिवस पाय ताणण्याचे. रोज थोडं, रोज दुखणारं, रोज मोजलेलं. मधल्या वेळात तेजल खेळत असे. एकदा व्यायाम चालू असताना आपणच म्हणाली, "ही आता उडी शिकायची नाय. कदीच."

"हो," ज्योत्स्ना म्हणाली.

"पन पाण्यात जाती. पाठीवर बसवून पार तळ्यापलीकडं नेती. तिकडं मी कदी गेलीच नव्हती." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "पहिल्यापासून नवीन डाव मांडला का बारकी ठमी परत भेटती."

"मग मांड की."

"मग ही पुसून जाती." तेजलने पडद्यावरच्या त्या शिंगवाल्या धुडाकडे पाहिलं. "नको. हिनं काय केलंय?"

आणि तिने पाय पुढे केला. "सरळ करा. आज किती?"

"तीस."

सहा आठवड्यांनी माय-लेकी घोटीच्या गाडीला निघाल्या. विमलाबाईने लेकीसाठी मेन रोडवरून नवी चप्पल आणली होती, पण नवी वस्तू एसटीच्या धुळीत कशाला घालायची म्हणून ती गाठोड्यातच होती. बायडाबाईने नुकताच पॅसेज पुसून काढला होता. ओल्या फरशीवर पाऊल टाकलं म्हणून ती डॉक्टरांनाही सोडत नसे. त्या दिवशी ती पोछ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून गप्प उभी राहिली.

विमलाबाई गाठोडं घेऊन पुढे गेली. तेजल मागून निघाली, अनवाणी, कुणाचा हात न धरता. सावकाश. ओली फरशी ओलांडून कोरड्या फरशीवर, मग दारातून उन्हात. पायऱ्यांशी तिने एकदा वळून पाहिलं, हात हलवला नाही, नुसती मान डोलावली आणि गेली.

कोरड्या फरशीवर तिची ओली पावलं उमटली होती. डावं, उजवं, डावं, उजवं. उजव्याची बोटं ठसठशीत होती, चवडा ठसठशीत होता, आणि मागे, जिथे नऊ वर्षं काही उमटलं नव्हतं, तिथे एक फिकट, गोल, सुपारीएवढी टाच.

"पुसू का?" बायडाबाईने विचारलं.

"राहू दे," ज्योत्स्ना म्हणाली. "वाळेल."